आधी घाला, मग शिवतो

आमच्या चिखलीत एक टेलर आहे, तो नवं कापड शिवत नाही.

थट्टा नाही. तुम्ही दुकानातून घडीही न मोडलेलं कापड घेऊन त्याच्याकडे गेलात, तर तो ते दोन बोटांत धरतो, चुरगाळून बघतो आणि शिळी भाजी परत करावी तसं परत करतो. "हे घरी न्या. दोन वर्स घाला, धुवा, उन्हात वाळू द्या. कापडाले जरा जगू द्या. मंग आना, शिवून देतो." एखादं चिकट गिऱ्हाईक विचारतं, "पन मास्तर, शिवल्याबिगर घालू कसं?" यावर मास्तर मशीन जोरात चालवतात.

त्यांचं नाव उत्तम. आडनाव सांगत नाही, कारण ते भांडायला येतील आणि आमची भिंत एकच आहे. बसस्टँडमागच्या गल्लीत माझं मेडिकल, त्याला लागून त्यांचं दुकान. तिकडे पायमशीन चाललं की इकडे माझ्या खोकल्याच्या बाटल्या कपाटात नाचतात. माझ्याकडे माणसं आजार घेऊन येतात, त्यांच्याकडे फाटके कपडे. त्यांच्याकडचे बहुतेक बरे होतात.

एकेकाळी हा माणूस सरळ टेलर होता. दिवाळीच्या आधी 'उत्तम टेलर्स'समोर सायकल शिरायला जागा नसायची. कमलवहिनी, म्हणजे त्यांची बायको, गेल्या आणि मास्तरांनी नव्या कापडाला हात लावणं सोडलं. गल्लीनं आपापल्या परीनं निदान केलं. कोणी म्हणालं डोकं फिरलं, कोणी म्हणालं डोळे गेले. मी 'बीपी असेल' असं म्हणालो. आमच्या धंद्यात काही कळलं नाही की असंच म्हणतात. मास्तरांनी स्वतः दिलेलं कारण मात्र एकदम वरच्या दर्जाचं होतं. "नवं कापड मुकं असते, विजूभाऊ. जुनं बोलते."

आता जुनं कापड बोलतं ते त्यांच्याशी खाजगीत बोललं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण ते कुठेही बोलतं. आमच्या गल्लीत एकाचे वडील वारले. आम्ही सगळे सतरंजीवर बसलेलो. मास्तर आले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी बसले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग मास्तर हळूच म्हणाले, "तुह्या बाबाकडं दोन धोतरं होती. साईवानी मऊ झाली होती. त्यायचं काय केलं बे?" तो खांद्यावरचा हात सांत्वनाचा नव्हता हे आम्हाला तेव्हा कळलं. ते शर्टाची शिलाई चाचपून राहिले होते.

लग्नात तर त्यांना नेऊच नये. अक्षता टाकताना त्यांचं लक्ष नवरानवरीकडे नसतं, पुढच्या पाहुण्याच्या कॉलरकडे असतं. आहेरात सफारीचं कापड मिळालं की लोक खूश होतात, मास्तरांना मिळालं तर ते यजमानालाच परत देतात आणि सांगतात, "हे तुमी घाला, फाटलं का मले द्या." एका व्याह्यानं हे ऐकून जेवण अर्धवट सोडलं होतं. मास्तरांनी त्याच्या पानातली जिलबीही वाया जाऊ दिली नाही.

खुद्द माझ्या घरातही त्यांनी हात घातला. माझा लग्नातला कोट कपाटात लटकलेला होता. आता तो मला होत नाही. तरी कपाट उघडलं की तो दिसायचा आणि आपण एकेकाळी सडपातळ होतो याचा पुरावा म्हणून बरा वाटायचा. आमच्या हिनं तो मास्तरांना दिला. चार दिवसांनी ती भाजी घेऊन आली, ती पिशवी कोटाच्या कापडाची. बाहेरचा खिसा तसाच ठेवलेला. त्यात कोथिंबीर. मी म्हटलं, "अगं, हा माझा कोट!" ती म्हणाली, "हो. तेव्हापेक्षा आता जास्त उपयोगाचा आहे." कोटाबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, हे विचारायची मला अजून हिंमत झालेली नाही.

पण कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही, हेही कबूल केलं पाहिजे. शर्टाच्या पाठीचं ते लहान मुलाचं झबलं करतात. साडीचा जीर्ण भाग काढून धडका भाग जोडतात, तर जोड कुठे आहे ते साडीच्या मालकिणीला सापडत नाही. निवडणूक संपली की सगळ्या पक्षांची उपरणी उकिरड्यावर येऊन पडतात. मास्तरांनी ती उचलली, धुतली आणि सगळ्यांची मिळून एकच गोधडी शिवली. चिखलीत सर्वपक्षीय एकी मी आजवर त्या एकाच गोधडीत पाहिली आहे. तीही खालच्या, न दिसणाऱ्या बाजूनं.

ही कीर्ती कुठून कुठून पुण्याला पोचली. तिकडच्या दोन बाया मोटारीतून आल्या. त्यांनी दुकानाचे, मशीनचे, मास्तरांच्या चष्म्याच्या दोरीचे फोटो काढले, प्रत्येक चिंधीला "ओ माय गॉड" म्हणाल्या आणि जाताना मास्तरांना दोन गोष्टी देऊन गेल्या. एक, रंगवलेली पाटी: 'उत्तम क्राफ्ट स्टुडिओ'. तेव्हापासून आसपासच्या खेड्यांतली माणसं पासपोर्ट फोटो काढायला त्यांच्याकडे येतात. मास्तर त्यांना पाटावर बसवतात, न्याहाळतात आणि "ह्या शर्टावर फोटो नोका काढू" असं सांगून शर्ट उतरवून घेतात.

दुसरी गोष्ट म्हणजे 'सस्टेनेबल' हा शब्द. तो मास्तरांना इतका आवडला की त्यांनी तो सगळीकडे लावून टाकला. चहा गार झाला की, "हा चहा सस्टेनेबल नाही." एसटी वेळेवर आली की, "आज एसटी सस्टेनेबल होती." माझ्या पोटाकडे बघून एकदा म्हणाले, "विजूभाऊ, हे काही सस्टेनेबल दिसत नाही." अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, पण वापर चुकत नव्हता.

या स्टुडिओचा सगळा माल आणते शेवंताबाई. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, पाठीवर गाठोडं, अशी ती पार लोणारच्या खेड्यांपर्यंत हिंडते. तिचा आणि मास्तरांचा सौदा ऐकायला मी मेडिकलचं काउंटर सोडून पायरीवर येतो, कारण टीव्हीवर इतकं चांगलं काही लागत नाही.

"बाई, हे काय आनलं? हे तर पायपुसनं हाये."

"मास्तर, डोये तपासून घ्या. रेशीम हाये ते."

"रेशीम माह्या आजोबाच्या टायमाले असन."

"मंग तुमच्या आजोबाले द्या नं. ठेवा इकडं."

असं म्हणून ती गाठोडं उचलायची, मास्तर गाठोड्याची गाठ धरायचे, आणि बरीच ओढाताण झाल्यावर दोघं माझ्या पैशाचा चहा प्यायचे. कमलवहिनी होत्या तेव्हा शेवंताबाईचा चहा त्यांच्या हातचा असायचा. दोघी ओट्यावर बसून तासतासभर बोलायच्या. मास्तर आतून ओरडायचे, "काजं कोन करनार?" वहिनी गाणं ऐकल्यासारखं ते ऐकायच्या आणि बोलत राहायच्या.

यंदा लग्नसराईत एके दुपारी शेवंताबाई आली ती गाठोड्याशिवाय, डोक्यावर नुसती भांड्यांची पाटी. सोबत तिची मुलगी लता. हातात कागदात गुंडाळलेलं नवंकोरं ब्लाऊजचं कापड, मोरपंखी, जरीच्या काठाचं. त्याच्यावर घडी करून ठेवलेला एक मापाचा ब्लाऊज.

"मास्तर, माह्या लताचं लगन जमलं. सुलतानपूरले देल्ली. हा तिचा लग्नाचा ब्लाऊज."

मास्तरांनी मान वर केली नाही. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "आधी घाला. मंग आना."

शेवंताबाईनं डोक्यावरची पाटी खाली आदळली. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली.

"काय घालू? माह्या पोरीनं जल्मापासून घातलेलंच घातलं, मास्तर. जिनं टाकलं तिचं घातलं. साळंत एका पोरीनं साऱ्यायसमोर हिचा फ्रॉक धरला. म्हने, हा माहा होता, हे पाहा, इथं माही शाई सांडली होती. त्या दिवसापासून हे साळंत गेली नाही. तुमाले जुनं बोलते म्हून लय कौतिक. आमच्या घरात ते रातदिस बोलते. लग्नाच्या दिवशी तरी माह्या पोरीच्या आंगावर मुकं कापड पायजे."

लता पायरीखाली उभी राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. "माय, चाल नं," एवढंच म्हणाली.

मास्तर पुटपुटले, "गल्लीत दुसरे टेलर हायेत."

"हायेत. पन हे पाळन्यात होती तवा कमलबाईनं शब्द देल्ला होता. हिच्या लग्नाचा ब्लाऊज आमचे मास्तर शिवतीन म्हने. त्यायच्यासारखी बाही कोनाले बसवता येत नाही म्हने. दुसऱ्याकडं नेलं तर तिचा शब्द खाली पडते."

कापड आणि मापाचा ब्लाऊज फळीवर ठेवून ती पाटी उचलून, पोरीचा हात धरून निघून गेली. मास्तरांनी भरदुपारी शटर खाली ओढलं. माझ्या बाटल्या त्या दिवशी जागच्या हलल्या नाहीत, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशीही शटर अर्धंच वर. मी चहा घेऊन वाकून आत शिरलो. मास्तर फळीसमोर बसलेले. मोरपंखी कापड पसरलेलं, वर कात्री, आणि खडूची एक रेघही नाही. मी म्हटलं, "काय मास्तर, कापड जगून राह्यलं का?"

ते हसले नाहीत. त्यांनी तो मापाचा ब्लाऊज माझ्यापुढे धरला. "हे पाहा. मापाचा म्हून देल्ला. हाबी दुसरीचा हाये. खांदा उतरते, छाती ढिली. त्या पोरीचं सोताचं माप आजपावतर कोनी घेतलंच नाही, विजूभाऊ."

"मग तुम्ही घ्या."

"माप घेईन. कापू कसं?"

मग ते जे बोलले ते सलग बोलले, माझ्याकडे न बघता. "कमल दर दिवाळीले तिचा खण ह्या फळीवर आनून ठेवे. मी म्हनो, गिऱ्हाइकाचं होऊ दे, मंग तुहा घेतो. ते म्हने, हाव. रात-रात माह्यासंगं बसून लोकायच्या ब्लाऊजाले हूक लावे. मंग दिवाळी सरे. तिचा तसाच राहे. पुढच्या साली पुन्हा नवा आने, पुन्हा इथंच ठेवे. एका सबदानं कधी बोलली नाही. दवाखान्यात नेली त्या सालचाबी इथंच होता. सारे पेटीत हायेत. आता कोनाचंबी नवं कापड पसरलं का मले तिचंच वाटते. हात चालत नाही. जुन्याचं तसं नाही. ते कोनीतरी घालून झालेलं असते. त्याचा काही तगादा नसते."

गल्लीत आम्ही सगळे वहिनींच्या बिनमॅचच्या ब्लाऊजवर हसायचो. टेलरची बायको आणि दिव्याखाली अंधार, असं म्हणायचो. वहिनीही आमच्यात हसायच्या. ते आठवून मला फार वाईट वाटलं. माझ्या दुकानात डोकेदुखीपासून कंबरदुखीपर्यंत सगळ्यावर काही ना काही आहे. यावर एकही गोळी नव्हती.

अशा वेळी शहाणी माणसं पाठीवरून हात फिरवतात. मला ते जमत नाही. मला खवचटपणा जमतो. मी म्हटलं, "मास्तर, इतकं काय त्यात? कापा बिनधास्त. बिघडलं तर पिशवी शिवा. बाहेरून खिसा ठेवा, कोथिंबिरीला."

मास्तर ताडकन उठले. चष्मा दोरीवर झुलायला लागला. "पिशवी? लग्नाच्या ब्लाऊजाची पिशवी? अबे, मी उत्तम टेलर हावो! जिल्ह्यातून बाया येत होत्या माह्याकडं! माह्या हातचं कापड बिघडलं असं एक तरी बाई म्हनते का? जाय, बोलाव त्या पोरीले! आत्ता बोलाव!"

शटर स्वतःच धाडकन वर ढकललं त्यांनी. मी आयुष्यात दिलेलं हे सगळ्यात गुणकारी औषध. पावतीसुद्धा फाडली नाही.

शेवंताबाई लताला घेऊन आली. मास्तरांनी माप घेतलं, खांदा, छाती, बाही, पाठ, आणि प्रत्येक माप मोठ्यानं उच्चारलं, जणू गल्लीला कळावं की हे या मुलीचं माप आहे. मग कापड पसरलं. मला म्हणाले, "टोक धरा." मी धरलं. कात्री कापडापाशी येऊन थांबली. मास्तरांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही आणि मला ऐकायचंही नव्हतं. मग कात्री चालली. नव्या कापडातून कात्री जाताना जो करकर आवाज येतो, तो या दुकानात मी किती तरी वर्षांनी ऐकला.

त्यानंतर माझ्या बाटल्या जेवायच्या सुट्टीतसुद्धा नाचत होत्या. फोटो काढायला आलेल्या दोघांना मास्तरांनी शर्टासकट परत पाठवलं. शेवंताबाई एक गाठोडं घेऊन आली तर त्यांनी सौदासुद्धा केला नाही, "ठेव तिकडं" म्हणाले. तिला ते अपमानासारखं वाटलं. ती मला येऊन विचारून गेली, "बरे हायेत नं ते?"

ब्लाऊज झाला. लता पडद्यामागून साडीवर तो घालून बाहेर आली. खांद्यावर सुरकुती नाही, बाही दंडाला अशी बसलेली की जन्मतः सोबत आली असावी. पण मुलगी दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी. वाकेना, वळेना.

मास्तर खाली बसून काठ बघत होते. तोंडात टाचण्या. लतानं त्यांना हळूच विचारलं, "काका, हा कोनाचा होता?"

शेवंताबाईनं कपाळावर हात मारला. त्यांच्या घरात नवा कपडा अंगावर चढला की पहिला प्रश्न हाच. कोणाचा होता ते कळलं की त्या घरासमोरून जाताना तो घालायचा नाही, एवढी साधी सोय असते. मुलीच्या तोंडून तो सवयीनं निघून गेला होता.

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "कोनाचाच नाही वं. तुहाच. तूच पयली."

लतानं मान खाली घालून ब्लाऊजकडे पाहिलं. मग हात हळूहळू खाली आणले आणि अंगाला टेकवले.

मास्तर उठून आत गेले. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात खण होते, एकावर एक रचलेले, हिरवा, जांभळा, डाळिंबी, घड्यांच्या रेघांवर थोडे विटलेले. त्यांनी ते फळीवर ठेवले.

"आन हे?" लतानं विचारलं.

"हे कमलचे. पन तिनं घातले नाहीत. म्या शिवलेच नाहीत." मग शेवंताबाईकडे वळून, खालच्या आवाजात, "बाई, गेलेल्या मानसाचं हाये. लग्नाच्या घरात चालन का तुमाले? नाही म्हनलं तरी मले राग नाही."

शेवंताबाई, जिनं आजवर या माणसाला एक चिंधी न भांडता दिली नव्हती, तिनं ते खण दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावले. "कुंकवानिशी, अहेव गेली माही कमलबाई. तिचा खण म्हंजे ओटी हाये, मास्तर. चालन का काय इचारता?" आणि लताचा पदर पुढे ओढून तिनं ते त्यात घातले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मास्तरांनी पदरातून वरचा हिरवा खण काढून घेतला. टेप घेऊन लताच्या खांद्यापासून बाहीचं माप घ्यायला लागले. कोपरापाशी टेप थांबला.

"कमलले कोपरापावतर बाही आवडे," ते म्हणाले. "आजकाल पोरी आखूड घालतात. तुले कशी ठेवू?"

लतानं खणाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"कोपरापावतरच ठेवा, काका."

मास्तरांनी खडू उचलला आणि हिरव्या कापडावर तिथं रेघ मारली.